मिक्स्ड मार्शल आर्ट्स : प्रशिक्षण

मिक्स्ड मार्शल आर्ट्स (एमएमए) हा ठोसे, लाथा, कोपर-गुडघ्यांचे आघात, पकड, पाडापाडी आणि जमिनीवरची झटापट अशा सर्वांना मुभा असलेला लढतीचा खेळ आहे. बॉक्सिंग, मुए थाई, कुस्ती आणि ब्राझिलियन जिउ-जित्सू या त्याच्या मुख्य विद्या. 12 नोव्हेंबर 1993 रोजी अमेरिकेत डेन्व्हरला यूएफसी या एमएमए संस्थेची पहिली स्पर्धा झाली. जिउ-जित्सूच्या रॉयस ग्रेसीने एका रात्रीत तिघांना हार कबूल करायला लावली आणि केवळ ठोशांवर किंवा लाथांवर विसंबणाऱ्यांचा काळ तेथेच सरला. आज साधारण लढत 5 मिनिटांच्या 3 फेऱ्यांची, तर विजेतेपदाची 5 फेऱ्यांची असते.

चार विद्या वेगवेगळ्या शिकल्या म्हणजे एमएमए आले, असे होत नाही. या विद्या एकमेकींच्या आड येतात आणि प्रशिक्षणाचा खरा कस तेथेच लागतो. मुए थाईचा लढवय्या ताठ उभा राहतो, पुढचा पाय हलका ठेवतो. मल्ल वाकून, डोके पुढे घालून येतो. पट काढायला, म्हणजे पाय धरून पाडायला, असा सरळ वाकलेला मल्ल तोंडावर गुडघा खातो, नाहीतर त्याची मान प्रतिस्पर्ध्याच्या काखेत सापडते. म्हणून पट नेहमी ठोशामागून काढायचा असतो : ठोसा अडवायला हात वर गेले की कंबर खाली न्यायची. ही जोडणी विचार न करता अंगातून निघेपर्यंत घोटावी लागते. तिचा उताराही तितकाच घोटावा लागतो. समोरचा पटात शिरताच दोन्ही पाय मागे फेकून कमरेचा सारा भार त्याच्या पाठीवर टाकायचा.

जाळीच्या पिंजऱ्यामुळे आखाड्यात नसलेली एक गोष्ट इथे येते, ती म्हणजे भिंत. प्रतिस्पर्ध्याला तिच्याशी टेकवून ठेवणे आणि स्वतः तिच्या आधाराने उठणे यांचा वेगळा सराव करावा लागतो. रशियातील दागेस्तानच्या खबीब नुरमागोमेदोव या यूएफसी लढवय्याला त्याचे वडील अब्दुलमनाप यांनी घडवले. प्रतिस्पर्ध्याला जाळीशी बसवून त्याचे पाय आपल्या पायांत अडकवून ठेवण्यात खबीबचा हातखंडा होता. 29 लढतींत एकही न हरता तो 2020 मध्ये निवृत्त झाला.

महाराष्ट्रातील तालमीत घडलेल्या पैलवानाजवळ मोठे भांडवल असते. जोर, बैठका आणि दोरीची चढाई यांतून आलेली मान, पंजा आणि कंबर कोणत्याही जिममध्ये सहजी मिळत नाही. मात्र पाठ टेकली की कुस्ती गेली, ही शिकवण त्याला इथे घातक ठरते. चितपट टाळायला तो पोटावर वळतो, पाठ मोकळी देतो आणि मागून गळा आवळला जातो. पाठीवर पडूनही पायांनी समोरच्याला बांधून लढता येते, हे त्याला नव्याने शिकावे लागते. महाराष्ट्राच्या भारत खंडारेने 2017 मध्ये यूएफसीत पदार्पण केले. शांघायमधील ती लढत पहिल्याच फेरीत गळा आवळला गेल्याने संपली. 2024 मध्ये पूजा तोमर ही यूएफसीत लढत जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली. ती वुशू या चिनी युद्धकलेतून आलेली आहे.

रोज पूर्ण ताकदीने एकमेकांना झोडपणे म्हणजे मर्दुमकी, हा समज अजूनही अनेक जिममध्ये आहे आणि तो सोडायलाच हवा. सरावात डोक्याला बसलेले धक्के मेंदूत साचत जातात, मग लढतीत हलका ठोसाही माणसाला पाडतो. यूएफसीचा लढवय्या मॅक्स होलोवे जानेवारी 2021 च्या लढतीपूर्वी असा सराव न करताच उतरला आणि 5 फेऱ्या वर्चस्व गाजवून जिंकला. जमिनीवरची झुंज मात्र जवळजवळ पूर्ण जोराने करता येते, कारण पकड बसताच थाप मारून, म्हणजे हार मानून, सुटता येते. नवशिक्याने पहिल्याच दिवशी शिकायच्या गोष्टी दोन : नीट पडणे आणि वेळेत थाप मारणे.

वजन उतरवणे हा या तयारीतील सर्वांत धोक्याचा भाग. खालच्या वजनगटात बसण्यासाठी लढवय्ये अखेरच्या दिवसांत पाणी तोडतात, घाम गाळतात. डिसेंबर 2015 मध्ये वन चॅम्पियनशिप या एमएमए संस्थेच्या मनिला येथील लढतीपूर्वी चीनचा यांग जियान बिंग असे वजन उतरवताना दगावला. तो अवघा 21 वर्षांचा होता. त्यानंतर त्या संस्थेने पाणी तोडून वजन उतरवण्यास बंदी घातली. वजनाबरोबर लघवीचीही तपासणी होऊ लागली, आणि शरीरात पुरेसे पाणी नसलेल्याला ठरलेल्या वजनावर लढता येत नाही.