पेठ कसबा, आळी तांबटांची

पुण्याच्या बहुतेक पेठांना एकतर वाराचे नाव आहे, नाहीतर कुणा व्यक्तीचे. कसबा पेठेला यांपैकी काहीच लागले नाही. कसबा म्हणजे परगण्याचे बाजाराचे मुख्य गाव. मुठेच्या उजव्या काठावरचा हा कसबा म्हणजेच जुने पुणे, बाकीच्या पेठा त्याला मागाहून चिकटल्या.

1630च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने हे गाव जाळले आणि त्यावर गाढवांचा नांगर फिरवला, असे सांगतात. पुढे जिजाबाई व दादोजी कोंडदेव यांच्या देखरेखीखाली वस्ती पुन्हा उभी राहिली. शेंदराने माखलेल्या तांदळारूपी कसबा गणपतीचे मंदिर जिजाबाईंनी बांधवले, ही परंपरा त्याच काळातली. गणपती ग्रामदैवत ठरला. आजही विसर्जन मिरवणुकीत पहिला मान त्याचाच. 5 एप्रिल 1663च्या रात्री शिवाजी महाराजांनी शायिस्तेखानावर छापा घातला तो लाल महाल याच वस्तीतला. मूळ वास्तू राहिलेली नाही, सध्याची महापालिकेने अलीकडे बांधली आहे.

1730 ते 1732 या काळात पेठेच्या पश्चिम कडेला शनिवारवाडा उभा राहिला आणि शहर दक्षिण-पश्चिमेला पसरू लागले. नव्या पेठांत सरदारांचे वाडे झाले, कसब्यात मात्र कारागिरांच्या आळ्या दाटल्या. शिंपी आळी, व्यवहार आळी ही नावेच पुरेशी बोलकी आहेत. कुंभारवाडा आणि कागदीपुरा नदीच्या बाजूला आहेत, कारण दोन्ही धंद्यांना पाणी मुबलक लागे. त्या शेजाराची किंमतही मोजावी लागली: 12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटले तेव्हा नदीकाठची वस्ती पाण्याखाली गेली.

या सगळ्या आळ्यांत तांबट आळी आधी कानाने ओळखावी. इथले त्वष्टा कासार पेशवाईत कोकणातून आले. तांब्याचा पत्रा ठोकत गेले की तो ताठरतो, म्हणून मध्ये मध्ये भट्टीत लाल करून नरम करावा लागतो. हंडा अखंड निघत नाही, खालचा व वरचा भाग वेगळे घडवून सांधतात. शेवटचा संस्कार मठाराचा. लोखंडी दांड्यावर भांडे पालथे घालून कारागीर एका हाताने ते फिरवत राहतो, दुसऱ्या हातातला हातोडा सारख्या अंतरावर पडत जातो. खळग्यांची रांग सरळ आली पाहिजे. एक ठोका चुकला तरी उजेडात लगेच दिसतो. मठाराने भांडे चमकते खरे, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे पत्रा कडक होतो आणि भांडे सहसा पोचत नाही.

आळीचे खरे घरोघरी पोचलेले काम म्हणजे बंब. मधोमध निखाऱ्यांची नळी, भोवती पाणी, बाजूला तोटी. मराठी घराची सकाळ त्याच्या धुराने सुरू होई. ब्रिटिश अमदानीत यंत्रावर लाटलेला तयार पत्रा मिळू लागला, तेव्हा तांबे वितळवून पत्रा काढण्याचे कष्ट वाचले. स्वातंत्र्यानंतर ॲल्युमिनियम व स्टेनलेस स्टीलने स्वयंपाकघर घेतले, गीझरने न्हाणीघर. कल्हईचा खटाटोप लोकांना नकोसा झाला होता, हेही खरेच.

उरलेल्या कारखान्यांतून आता हंड्या-घंगाळांबरोबर दिव्यांच्या छत्र्या, जग आणि फुलदाण्याही निघतात. भांड्याचा आकार अनेकदा यंत्रावर काढला जातो, मठार मात्र अजून हातानेच.