न नोंदवलेला गुण



‘शाळेतल्या खेळांवर काहीतरी लिही’ असा स्मरणिकेच्या ग्रुपवर निरोप आला, तेव्हा आधी हसू आलं. खेळातला माझा सहभाग म्हणजे मैदानाच्या कडेला टेबल मांडून गुणपत्रक भरणं. अक्षर बरं होतं, बेरीज चुकत नव्हती, म्हणून पी.टी.च्या सरांनी ते काम मला दिलं. पुढे इंजिनिअर झाले, सॉफ्टवेअरमध्ये गेले, आणि आजही एका अर्थी नोंदीच ठेवते. म्हणून गुणपत्रकाच्या टेबलावरून दिसणारा एका खेळाचा इतिहास सांगते. आपल्या वेळी तो शाळेत नव्हता. त्याचं नाव तायक्वांदो.

माझी भाची वाशिंदला हा खेळ शिकते. शनिवारी आईकडे आले की तिला क्लासला सोडायला मीच जाते. पहिल्यांदा गेले तेव्हा मुलं भिंतीला हात टेकून, एक गुडघा वर घेऊन नुसती उभी होती. लाथ कुणीच मारत नव्हतं. फी फुकट चालली, असं मनात आलं. प्रशिक्षकांना विचारलं, तर त्यांनी गोल फिरवून मारायची लाथ सुटी करून दाखवली. आधी गुडघा वर, मग खालच्या पायाची टाच लक्ष्याकडे वळवायची, मग कंबर, शेवटी नडगी झटक्यात बाहेर आणि त्याच वाटेने परत. टाच वळली नाही तर सगळा पीळ गुडघ्यावर येतो. बारा-चौदाच्या वयात हाडं झपाट्याने वाढत असतात, तेव्हा तर फारच जपावं लागतं. म्हणून आधी तोल, मग ताकद, आणि वेग सगळ्यात शेवटी.

घरी येऊन मी या खेळाचा इतिहास वाचायला घेतला. 1910 ते 1945 कोरिया जपानच्या ताब्यात होता. जपानमध्ये कराटे शिकून आलेल्या कोरियन तरुणांनी सोलमध्ये आखाडे काढले. प्रत्येकाची पद्धत वेगळी, नावही वेगळं. 1955 मध्ये ‘तायक्वांदो’ हे नाव पुढे आलं. ताय म्हणजे पाय, क्वान म्हणजे मूठ, दो म्हणजे मार्ग. 1973 मध्ये जागतिक महासंघ स्थापन झाला आणि पहिली जागतिक स्पर्धा सोललाच भरली. त्याच दशकात जिमी जगतियानी यांनी हा खेळ भारतात रुजवायला सुरुवात केली. 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये तो प्रात्यक्षिक म्हणून आला आणि 2000 मध्ये सिडनीला पदकाचा खेळ झाला. 2002 च्या बुसान आशियाई स्पर्धेत सुरेंद्र भंडारी यांनी भारतासाठी कांस्यपदक मिळवलं.

आता माझ्या टेबलाकडे येते. पूर्वी कोपऱ्यांत बसलेले पंच लाथ बसलेली पाहून बटण दाबत. पुरेशा पंचांनी जवळपास एकाच क्षणी दाबलं तरच गुण. पापणी लवली की गुण गेला. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ब्रिटनच्या सारा स्टीव्हन्सनने चीनच्या चेन झोंगच्या डोक्याला लाथ मारली, पण गुण मिळालाच नाही. चेन विजयी ठरली. नंतर व्हिडिओ पाहून निकाल फिरवला गेला आणि स्टीव्हन्सनने पुढे कांस्यपदक जिंकलं.

2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये चेस्ट गार्डमध्ये आणि पायमोज्यांत सेन्सर आले, 2016 ला रिओत हेल्मेटमध्येही आले. वजनगटानुसार ठरवलेला जोर लागला की यंत्र गुण देतं. आज ठोशाला 1, छातीवरच्या लाथेला 2, डोक्यावरच्या लाथेला 3, आणि गिरकी घेऊन मारली तर आणखी 2.

वाचताना वाटलं, प्रश्न सुटला. पण यंत्राला जे कळतं तेच मुलं शिकायला लागली. पुढचा पाय हवेत धरून तलवारबाजीसारखं टोचत राहायचं, जवळ चिकटून पाय कसातरी वर न्यायचा. दिसायला विचित्र, पण गुण मिळतो. नियम करणाऱ्यांना गिरकीचे गुण वाढवावे लागले, धरून ठेवलेल्या पायाला दंड लावावा लागला. आमच्या धंद्यातही हेच होतं. जो आकडा बढतीसाठी मोजला जातो, तोच सगळे वाढवत बसतात.

शिकवणाऱ्याची खरी पारख इथे होते. 1979 मध्ये शिया आणि मॉर्गन या अमेरिकी संशोधकांनी हाताच्या साध्या हालचालींवर प्रयोग केला. एकच हालचाल ओळीने घोटणारे सरावात पुढे होते. हालचाली उलटसुलट करणारे सरावात चुकत होते, पण काही दिवसांनी घेतलेल्या परीक्षेत तेच सरस ठरले. म्हणजे त्या दिवशी गुणपत्रकात जो मागे दिसतो, तो कदाचित जास्त शिकत असतो. हे प्रशिक्षकाला ओळखता यावं लागतं आणि पालकांनी धीर धरावा लागतो.

आपल्याकडे ही समज जुनी आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाची विद्या नावारूपाला आणली. कुस्तीच्या आधी पकड, लवचिकता आणि दम मल्लखांबावर तयार व्हायचा. आपले सरही कबड्डीच्या पोरांना आठवडाभर रेषा शिवू देत नसत. आधी भातसा नदीपर्यंत धावणं, मग बैठका. पोरं कुरकुरायची, आठवतं?

आता मनातलं सांगते. दहावीच्या वर्षी आपल्या मैदानावर कबड्डीचा सामना झाला आणि आपण एका गुणाने हरलो. पंचांनी आपला बोनस दिलाच नाही, असं सगळे आजही म्हणतात. पंचांनी बोनसची खूण केली होती. मी त्या क्षणी पान उलटत होते. तो गुण लिहायचा राहिला, हे मला शिट्टी वाजल्यावर लक्षात आलं आणि तोंडातून शब्द फुटला नाही. गडबडीत सह्या झाल्या. पंच बिचारे शिव्या खात गेले.

सोमवारी सरावाला सरांनी त्या चढाईपटूला उभं केलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “तुझा पाय बरोबर पडला होता. मी पाहिलंय.” त्याचा चेहरा फुलला. मी वही छातीशी धरून उभी होते.

जवळपास तीस वर्षं झाली. त्या निकालासाठी व्हिडिओ नाही आणि सेन्सरही नव्हता. त्या संघातल्या सगळ्यांची, आणि त्या पंचांची, मी माफी मागते. मेळाव्याला भेटलात की त्या गुणपत्रकाची बेरीज आपण नीट करू. सामना बरोबरीत सुटला होता.