पोटाचा घेर

आमच्या सांबऱ्याची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलानं बांधली. त्याच हवाई दलात तेव्हा इयान डोनाल्ड नावाचे एक डॉक्टर नोकरीला होते. पुढं ते ग्लासगोत बाळंतपणशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १९५५ साली शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी घेऊन चक्क बॉयलरच्या कारखान्यात गेले! तिथं पोलादातली चीर ध्वनिलहरींनी शोधत असत. गाठींचाही प्रतिध्वनी उमटला. १९५८ मध्ये त्यांचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला. आपल्या सोनोग्राफीचं माहेर म्हणजे हा कारखाना.

त्याआधी आमच्याकडं सुईणीचा तळहात, तेवढंच माप. स्टुअर्ट कॅम्पबेल यांनी यंत्रावर आधी बाळाचं डोकं मोजलं आणि १९७५ मध्ये पोटाचा घेर. वारेतून पोषण कमी पडलं की बाळ मेंदू आधी राखतं. यकृतातला साठा आटतो, म्हणून पोट बारीक होतं. घरात टंचाई आली की आई आधी आपलंच ताट आवरते ना, तसंच.

पण माप घ्यायचं तर दिवस नक्की हवेत. माझ्या जावेच्या वेळी तेच झालं नाही. १९९४ च्या कायद्यानंतरचा तो काळ. लवकर गेली तर लोक म्हणतील, मुलगा की मुलगी बघायला गेली, म्हणून सासूबाईंनी सातव्या महिन्यापर्यंत पाठवलंच नाही. मग बाळ लहान दिसलं. दिवस चुकलेत की वाढ खुंटलीय, कुणालाच सांगता येईना. दशलक्षणात तिनं एकाशनं केली होती, त्यावर बोट ठेवून काहीजणी मोकळ्या झाल्या. बाकीच्या म्हणाल्या, “आपली बाळं लहानच असतात गं.”

बाळ १९०० ग्रॅमचं झालं. डॉक्टरीणबाईंनी नखं बघितली नि म्हणाल्या, “दिवस पुरे भरलेत.”

‘आपली लहानच’ याचा पडताळा पुढं आपल्याच नागपुरात झाला. ऑक्सफर्ड, तुरीन, नैरोबी, मस्कत अशा आठ ठिकाणी निरोगी, खाऊनपिऊन नीट असलेल्या ४,३२१ गरोदर बायांची साधारण दर पाच आठवड्यांनी सोनोग्राफी केली. त्यात नागपूरच्याही होत्या. सगळ्यांच्या तारखा सुरुवातीलाच पक्क्या केलेल्या. २०१४ मध्ये तक्ते छापून आले. बाळांच्या डोक्याचं माप नि जन्मतानाची लांबी सगळीकडं जवळजवळ सारखी निघाली. आज जगभर बाळाची वाढ ज्या तक्त्यांवर ताडून बघतात, त्यांत हे नागपूरच्या बायांचं माप आहे.

जावेची ती १९०० ग्रॅमची लेक आता पहिलटकरीण आहे. आठव्या आठवड्यातच जाऊन तारीख मोजून आली. सोबत सासूबाईच गेल्या होत्या, नातीचा हात धरून.