मधाचं बोट, दुधाचा डबा

गंगाखेडच्या बाजूला बाळ जन्मलं की आईला दूध उतरायच्या आधीच घरातली जाणती बाई त्याच्या जिभेवर मधाचं बोट टेकवते. कुठं सोन्याची अंगठी मधात बुडवून चाटवतात, कुठं मधाच्या जोडीला तूप असतं. पुढं रोज अंघोळ झाली की सहाणेवर गुटी उगाळायची. वेखंड, हिरडा, जायफळ, मुरुडशेंग, हळकुंड, प्रत्येकाचे वेढे ठरलेले. ते चाटण आईच्या दुधात, नाहीतर मधात कालवून बाळाला द्यायचं. हा रिवाज फार जुना आहे. गृह्यसूत्रांतल्या जातकर्म संस्कारात मध-तूप सोन्यानं चाटवायला सांगितलं आहे. आजी जे करते त्यामागं माया आहे आणि शेकडो पिढ्यांचा विश्वास आहे. मध वर्षानुवर्षं नासत नाही, म्हणून तो शुद्ध, असा तो विश्वास.

दुधाच्या पावडरीवर आपण टाकतो तो विश्वासही नेमका असाच आहे. सीलबंद डबा, महिनोन्महिने टिकणारा, म्हणजे शुद्धच असणार. म्हणून या दोन्हींची कुळकथा एकत्र सांगायला हवी.

डब्याचं कूळ युरोपातलं. एकोणिसाव्या शतकात तिथल्या शहरांत आईविना वाढणारी बाळं फार मोठ्या संख्येनं दगावत होती. युस्टुस फॉन लीबिश या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १८६५च्या सुमारास गाईचं दूध, गव्हाचं पीठ आणि माल्ट यांचं बाळांसाठी सूप तयार केलं. दोनच वर्षांनी, १८६७ मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या व्हवे गावात हेन्री नेस्ले यांनी आटवलेलं दूध आणि भाजलेलं पीठ एकत्र करून दुधाळ पीठ विकायला काढलं. १९०८ मध्ये ग्लॅक्सोची दूधपावडर आली आणि गुटगुटीत बाळाचं चित्र घराघरांत पोचलं. आपल्याकडे म्हशीचं दूध मुबलक, पण ते लहान बाळाच्या पोटाला जड, आणि त्याची पावडर होत नाही असं परदेशी तज्ज्ञ ठामपणे सांगत. आणंदच्या अमूलमध्ये एच. एम. दलाया यांनी ती करून दाखवली. १९५५ मध्ये तिथला कारखाना सुरू झाला. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेनं म्हशीच्या दुधापासून बाळाचं अन्न करण्याची पद्धत बसवली. त्या कामाचा मला मनापासून अभिमान वाटतो. ज्या बाळाची आई बाळंतपणात गेली, त्याच्यासाठी तो डबा म्हणजे आयुष्य होतं आणि आजही आहे.

ही पावडर होते कशी ते पाहा. दूध तापवतात, आटवतात आणि उंच मनोऱ्यात बारीक तुषारांसारखं फवारतात. त्या मनोऱ्यात सोडलेली हवा पाण्याच्या उत्कलनबिंदूहून कितीतरी जास्त तापलेली असते, पण थेंबातलं पाणी उडून जाताना थेंबाला थंड ठेवतं. म्हणूनच दूध करपत नाही, आणि म्हणूनच काही जंतूंचे चिवट बीजाणू त्यातून जिवंत सुटतात. पुढं जीवनसत्त्वं आणि इतर घटक बऱ्याचदा कोरडेच मिसळतात. सांगायचं ते इतकंच, की पावडरीचं दूध टिकाऊ असतं, निर्जंतुक नसतं. सगळ्या बाळंतिणींच्या वॉर्डात हे एक वाक्य मोठ्या अक्षरांत लिहायला हवं.

आता त्यातल्याच एका बीजाणूची गोष्ट. जर्मनीतल्या व्युर्टेंबर्गमध्ये मांस भरलेले सॉसेज खाऊन माणसं लुळी पडून मरत. युस्टिनुस केर्नर या डॉक्टरनं, जो कवीही होता, १८२० आणि १८२२ मध्ये अशा रोग्यांची बारकाईनं टिपणं छापली. सॉसेजमधल्या त्या विषाची चव त्यानं स्वतःवरही घेऊन पाहिली. १८९५च्या डिसेंबरात बेल्जियममधल्या एलझेल गावी अंत्यविधीनंतरच्या जेवणात हॅम खाऊन बँडवाले आजारी पडले, तिघं गेले. एमिल व्हान एर्मेन्गेम यांनी त्या हॅममधून जंतू वेगळा काढला. आज त्याला क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम म्हणतात. तो मातीत आणि धुळीत सगळीकडे आहे. हवा लागली, कोरडं पडलं, की तो बीजाणूचं कवच घेऊन निपचित राहतो. साध्या उकळीनं ते कवच फुटत नाही.

दीडशे वर्षं सगळ्यांची समजूत अशी, की हे विष अन्नात आधीच तयार झालेलं असतं. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात तान्ह्या बाळांत याच आजाराचा वेगळा प्रकार दिसला. बाळाच्या पोटात विष गेलं नव्हतं, बीजाणू गेले होते, आणि विष आतड्यात तयार झालं होतं. मोठ्या माणसाच्या आतड्यात इतर जंतूंची दाट वस्ती असते, ती या पाहुण्याला रुजू देत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ती वस्ती अजून बसलेली नसते. स्टीफन आर्नन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढच्या दोन-तीन वर्षांत आजारी बाळांना चाटवलेल्या मधात हेच बीजाणू शोधून काढले. बहुतेक बाळांच्या बाबतीत स्रोत सापडतच नाही, धुळीतूनच ते जात असावेत. धूळ आपल्या हातात नाही. मध आहे.

डब्याच्या बाबतीत हा आजार फार विरळ. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत बायहार्ट कंपनीच्या पावडरीशी जोडलेली कितीतरी बाळं अनेक राज्यांत आजारी पडली आणि कंपनीला सगळा माल परत मागवावा लागला. इथं आईनं पाणी कितीही उकळलं तरी उपयोग नव्हता. ही जबाबदारी पूर्णपणे कारखान्याची आणि त्याच्यावर नजर ठेवणाऱ्या सरकारची. क्रोनोबॅक्टर नावाचा दुसरा एक जंतू मात्र पावडरीतून नवजात बाळांच्या मेंदूपर्यंत जातो, आणि तो गरम पाण्यानं मरतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ मध्ये सांगितलं, की पावडर किमान ७० अंश सेल्सियसच्या पाण्यात कालवावी.

आता हे गंगाखेड तालुक्यात आणून पाहू. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातून दिवाळीच्या आसपास ऊसतोड मजुरांचा कोयता तोडीला निघतो. अंगावरचं बाळ आईबरोबर साखर कारखान्यावर, पाचटाच्या कोपीत. पहाटे आई फडात गेली की बाळ थोरल्या बहिणीच्या कडेवर. डबा परवडत नाही म्हणून पावडर पातळ कालवली जाते, बाटली एकदाच भरून दिवसभर पुरवली जाते. ७० अंश कोण मोजणार? चूल पेटवायला सरपण तरी हवं. १९९२चा कायदा बाळाच्या दूधपावडरीची जाहिरात करू देत नाही, डब्यावर बाळाचं चित्रही छापू देत नाही, आणि तो कायदा मला फार मोलाचा वाटतो. पण आईला दुपारी बाळाला पाजायला सुट्टी आणि फडाजवळ पाळणाघर मिळाल्याशिवाय त्या कोपीत बाटलीच राहणार. हे साखर कारखान्यांनी आणि मुकादमांनी करायचं काम आहे.

घरच्यांना सांगणं वेगळं. आजी, सोन्याची अंगठी हवी तर बाळाच्या कपाळाला टेकवा, पण वर्ष पूर्ण होईपर्यंत मध नको, गुटीतही नको, बोटभरही नको. पहिल्या तासात आईचं दूध द्या. डबा लागणारच असेल तर पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत कालवा, कोमट झाल्यावर पाजा आणि उरलेलं ओतून द्या. बाळाला अचानक बद्धकोष्ठ झालं, रडणं क्षीण झालं, दूध ओढेना, पापण्या झुकल्या, मान टाकली, तर ताप नाही म्हणून थांबू नका. हा आजार वेळेवर ओळखून श्वासाला आधार दिला तर बहुतेक बाळं बरी होतात. लगेच दवाखाना गाठा, आणि बाळाच्या पोटात काय काय गेलं ते डॉक्टरांना न लपवता सांगा, मध चाटवला असेल तर तोही.