ठेव, विश्वस्त आणि किल्ली

धन मिळविण्यापेक्षा ते सांभाळणे अधिक कठीण, हा व्यापारी समाजाचा पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव आहे. सांभाळण्याचे मार्ग मात्र पूर्वापार दोनच. धन स्वतःच्या तिजोरीत ठेवून किल्ली स्वतःजवळ बाळगावी, अथवा ते एखाद्या विश्वासू पेढीच्या स्वाधीन करून निश्चिंत व्हावे. गेल्या दीड दशकात आभासी चलन, म्हणजेच क्रिप्टो, हा धनाचा नवा प्रकार जगात रूढ झाला आणि हाच जुना प्रश्न नव्या रूपात पुन्हा उभा राहिला. अनेक घरांतील तरुणांच्या मोबाइलमध्ये आज हे धन आहे आणि घरातील वडीलधाऱ्यांना बहुधा त्याची वार्ताही नसते. हे धन घ्यावे की न घ्यावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. ज्यांनी ते घेतले आहे त्यांनी त्याची किल्ली कोणाजवळ ठेवावी, याविषयी इतिहास काय सांगतो, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

ठेवीचा जुना धर्म

दुसऱ्याची ठेव सांभाळणे हे आपल्याकडे केवळ व्यवहाराचे नव्हे, तर व्रताचे अंग मानले गेले. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्यव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत 'न्यासापहार' हा एक आहे. ठेव ठेवणाऱ्याला नेमका आकडा आठवत नसल्याने त्याने कमी मागितले आणि सांभाळणाऱ्याने 'होय, एवढेच होते' म्हणून तेवढेच परत केले, तर तो न्यासापहार होय. विशेष हे की, हा दोष अचौर्यव्रताखाली न घालता सत्यव्रताखाली घातला आहे. ठेव बुडविण्याची सुरुवात खोट्या हिशेबाने होते, हे मर्म त्यात आहे आणि पुढील हकिकतींत ते पदोपदी प्रत्ययास येईल.

युरोपचा अनुभवही निराळा नाही. १६०९ साली स्थापन झालेल्या अॅमस्टरडॅमच्या बँकेची ख्याती अशी होती की, जेवढ्या ठेवी वहीत तेवढे नाणे व धातू तळघरात. प्रत्यक्षात ती बँक डच ईस्ट इंडिया कंपनीस गुपचूप कर्जे देत होती. १७९० च्या सुमारास हे उघडकीस आले, लोकांचा विश्वास उडाला आणि १८१९ साली बँक बंद झाली. इंग्लंडमध्ये १८४८ साली 'फोले विरुद्ध हिल' या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्‌सने निर्णय दिला की, बँकेत भरलेला पैसा बँकेच्या मालकीचा होतो. ग्राहक हा त्या पैशाचा मालक न राहता बँकेचा धनको होतो. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला परिचित असलेला हा भेद या विषयाचा गाभा आहे. लॉकरमध्ये ठेवलेला दागिना आपलाच राहतो. खात्यात भरलेली रक्कम ही बँकेने आपणांस द्यावयाची बाकी असते.

ही बाकी बुडू नये म्हणून समाजाने हळूहळू कुंपणे घातली. भारतात १९६० साली पलाई सेंट्रल बँक व लक्ष्मी बँक बुडाल्यानंतर ठेव विम्याचा कायदा झाला आणि १९६२ पासून विमा सुरू झाला. २०२० पासून त्याची मर्यादा प्रत्येक ठेवीदारामागे प्रत्येक बँकेत ५ लाख रुपये आहे. आभासी चलनाला असे विमाकवच भारतात नाही, हे प्रथम ध्यानी घ्यावे.

नव्या धनाची किल्ली

ऑक्टोबर २००८ मध्ये, अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स ही बलाढ्य वित्तसंस्था कोसळल्यानंतर अवघ्या दीड महिन्यात, सातोशी नाकामोतो या टोपणनावाने बिटकॉइनची संकल्पना प्रसिद्ध झाली आणि ३ जानेवारी २००९ रोजी त्याची खातेवही सुरू झाली. ही खातेवही जगभरातील हजारो संगणकांवर एकसारखी लिहिली जाते. तिला मुनीम नाही आणि मालकही नाही. कोणत्या पत्त्यावर किती नाणी जमा आहेत हे कोणासही दिसते, परंतु ती हलविण्याचा अधिकार केवळ ज्याच्यापाशी त्या पत्त्याची गुप्त किल्ली आहे त्यालाच असतो. ही किल्ली म्हणजे एक प्रचंड मोठी संख्या होय. माणसाला ती लिहून ठेवता यावी म्हणून २०१३ पासून तिचे १२ किंवा २४ साध्या इंग्रजी शब्दांत रूपांतर करण्याची पद्धत रूढ झाली.

तात्पर्य असे की, 'वॉलेट' या नावाच्या वस्तूत नाणी नसतातच. नाणी वहीत असतात आणि वॉलेटमध्ये किल्ली असते. किल्ली हरवली तर दुसरी करून देणारा कोणी नाही. चोरीस गेली तर व्यवहार फिरविणारा कोणी नाही. ही जोखीम सामान्य माणसास पेलवेना, म्हणून एक्स्चेंज नावाच्या पेढ्या पुढे आल्या. 'किल्ली आम्ही सांभाळतो, तुम्ही फक्त पासवर्ड लक्षात ठेवा,' असे त्यांनी सांगितले. मध्यस्थाविना चालावे म्हणून जन्मलेल्या चलनाला अशा रीतीने लागलीच मध्यस्थ लाभले.

परक्या हाती गमावलेले

या पेढ्यांतील पहिली मोठी पेढी म्हणजे टोकियोतील माउंट गॉक्स. २०१३ साली जगातील बिटकॉइनच्या व्यवहारांपैकी बहुतांश व्यवहार तेथे होत. २८ फेब्रुवारी २०१४ रोजी तिने दिवाळखोरीसाठी अर्ज केला, तेव्हा सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन नाहीसे झाल्याचे जाहीर झाले. पुढे सुमारे दोन लाख एका जुन्या वॉलेटमध्ये सापडले. चोरी एका रात्रीत झालेली नव्हती. २०११ पासून नाणी पाझरत होती आणि कोणाच्या ध्यानी आले नव्हते. दुकान बंद करताना गल्ला मोजून रोजमेळ जुळविण्याची साधी रीतही तेथे पाळली गेली नव्हती, असेच म्हणावे लागते. धनकोंना नाण्यांच्या रूपाने परतफेड सुरू होण्यास जुलै २०२४ उजाडला. दहा वर्षांहून अधिक काळ लोटला होता.

दुसरे उदाहरण कॅनडातील क्वाड्रिगा-सीएक्स या पेढीचे. तिचे संस्थापक डिसेंबर २०१८ मध्ये जयपूर येथे निधन पावले. किल्ल्या केवळ त्यांनाच ठाऊक होत्या, त्यामुळे ग्राहकांचे धन अडकले, असे प्रथम सांगण्यात आले. तपासाअंती, ज्या वॉलेटांत ते धन असल्याचे मानले जात होते ती जवळजवळ रिकामी निघाली. २०२० साली ऑन्टॅरिओ सिक्युरिटीज कमिशनने हा फसवणुकीचा प्रकार असल्याचा निष्कर्ष काढला. एका माणसाच्या हाती सर्व किल्ल्या आणि त्याच्याच हाती सर्व हिशेब, अशी तेथील स्थिती होती.

२०२२ हे वर्ष तर या व्यवसायाच्या परीक्षेचेच ठरले. अमेरिकेतील सेल्सियस ही संस्था ठेवीवर व्याज देत असे. जूनमध्ये तिने पैसे काढणे थांबविले आणि जुलैमध्ये दिवाळखोरी जाहीर केली. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की, व्याजाच्या खात्यांत ठेवलेले सुमारे ४२० कोटी डॉलरचे धन संस्थेच्या मालकीचे आहे. कारण ग्राहकांनी मान्य केलेल्या अटींतच तसे लिहिले होते. सुमारे सहा लाख खातेदार त्या दिवशी मालकाचे धनको झाले. १८४८ चा न्याय पुन्हा लागू झाला. फरक एवढाच की, या वेळी ठेव विमा नव्हता.

त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला एफटीएक्स ही पेढी कोसळली. तिच्या अटींत ग्राहकांच्या मालकीची हमी होती. परंतु त्यांचे धन मालकाच्याच दुसऱ्या कंपनीकडे वळविले गेले होते आणि ग्राहकांच्या पडद्यावर मात्र शिल्लक पूर्ण दिसत होती. सुमारे ८०० कोटी डॉलरची ही तूट होती. मार्च २०२४ मध्ये संस्थापक सॅम बँकमन-फ्राइड यांस २५ वर्षांची शिक्षा झाली. २०२५ पासून बहुतेक ग्राहकांना डॉलरमध्ये पूर्ण रक्कम व वर काही व्याज मिळू लागले, हे खरे. तथापि हिशेब नोव्हेंबर २०२२ च्या भावाने झाला. तेव्हा बिटकॉइन सुमारे १७ हजार डॉलरला होता. डिसेंबर २०२४ मध्ये त्याने एक लाख डॉलर ओलांडले. रक्कम परत आली, वस्तू परत आली नाही.

स्वतःच्या हाती गमावलेले

या हकिकती वाचून 'आपली किल्ली आपल्याच हाती बरी' असा निष्कर्ष कोणीही काढील. परंतु नाण्याची दुसरी बाजूही तितकीच कठोर आहे. वेल्समधील न्यूपोर्ट येथील एका संगणकतज्ज्ञाची हार्ड डिस्क २०१३ साली कचऱ्यात गेली. तिच्यात सुमारे आठ हजार बिटकॉइनची किल्ली होती. कचरा डेपो उकरण्याची परवानगी मिळावी म्हणून त्याने वर्षानुवर्षे खटपट केली. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने त्याचा दावा फेटाळला. सॅन फ्रान्सिस्कोतील एक प्रोग्रामर ७,००२ बिटकॉइनच्या उपकरणाचा पासवर्ड विसरला; दहा प्रयत्नांची मुभा असताना आठ चुकले होते. असे प्रसंग अपवादात्मक नव्हेत. तोवर निर्माण झालेल्या १ कोटी ८५ लाख बिटकॉइनपैकी सुमारे २० टक्के हरवलेले वा अडकून पडलेले असावेत, असा चेनॅलिसिस या संस्थेचा अंदाज जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यांना चोरांनी नेलेले नाही. मालकांच्या विस्मृतीने, निष्काळजीपणाने आणि मृत्यूने ते अडवून ठेवले आहेत.

मृत्यूचा मुद्दा विशेष विचारार्ह आहे. बँकेत नामनिर्देशन असते, वारसा प्रमाणपत्र चालते, न्यायालयाचा हुकूम चालतो. या खातेवहीला मात्र वारस ठाऊक नाही; तिला केवळ किल्ली समजते. कर्ता पुरुष काही न सांगता गेला, तर धन वहीत सर्वांना दिसत राहील आणि घरच्यांना त्यातील एक पैही हलविता येणार नाही.

सही करणारे हात

मग किल्ल्या अनेकांत वाटल्या तर? देवस्थानच्या भांडाराला दोन-तीन कुलपे आणि किल्ल्या निरनिराळ्या विश्वस्तांकडे, किंवा धनादेशावर दोघांच्या सह्या, ही रीत आपणांस परिचित आहे. बिटकॉइनमध्येही २०१२ पासून अशी सोय झाली. तीन किल्ल्या करून कोणत्याही दोन असल्याशिवाय व्यवहार होणार नाही, अशी रचना करता येते. एक हरवली तरी धन बुडत नाही, एक चोरली तरी धन जात नाही.

परंतु येथेही सावध राहावे लागते. मुंबईतून सुरू झालेल्या वझीरएक्स या पेढीचे वॉलेट अनेक सह्यांचे होते. तरीही १८ जुलै २०२४ रोजी त्यातून सुमारे २३ कोटी डॉलर चोरीस गेले. सही करणाऱ्यांच्या पडद्यावर दिसत होते एक आणि प्रत्यक्ष सही होत होती दुसऱ्यावरच. या चोरीमागे उत्तर कोरियाचे हॅकर असल्याचे अमेरिका, जपान व दक्षिण कोरिया यांनी जानेवारी २०२५ मध्ये जाहीर केले. भारतातील लाखो ग्राहकांचे धन त्यानंतर वर्षाहून अधिक काळ अडकले. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या पेढीतून सुमारे १५० कोटी डॉलर गेले, तेही अशाच पद्धतीने. न वाचता केलेल्या दहा सह्या वाचून केलेल्या एका सहीची बरोबरी करीत नाहीत, हे कोणत्याही संस्थेच्या विश्वस्तांना नव्याने सांगावयास नको.

न्यायालये मात्र हळूहळू ग्राहकाच्या बाजूने एक तत्त्व मांडू लागली आहेत. न्यूझीलंडमधील क्रिप्टोपिया प्रकरणात २०२० साली तेथील उच्च न्यायालयाने आभासी चलन ही मालमत्ता असून पेढीने ती ग्राहकांसाठी विश्वस्त म्हणून धारण केली होती, असे ठरविले. वझीरएक्सच्या एका ग्राहकाच्या अर्जावर ऑक्टोबर २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानेही आभासी चलन ही मालमत्ता असून ती विश्वस्त नात्याने धारण करता येते, असे म्हटले. हा विचार स्वागतार्ह आहे. परंतु विश्वस्त म्हणून ठरविणे आणि गेलेले धन परत येणे, या दोहोंत अंतर आहे.

इतिहासाचा कौल

या सर्व घटना एकत्र पाहिल्या म्हणजे दिसते की, 'स्वतःची किल्ली की परक्याची' हा प्रश्नच अपुरा आहे. टोकियो व कॅनडा येथे आणि न्यूपोर्टच्या कचऱ्यात धन बुडाले, ते किल्ली एकाच ठिकाणी होती आणि हिशेब दुसऱ्या डोळ्याने पाहिला जात नव्हता म्हणून. पेढी असो वा व्यक्ती, एकहाती कारभार हाच दोन्हीकडील समान दोष होता.

यावरून कुटुंबांनी घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. खरेदी-विक्रीपुरती थोडी रक्कम पेढीत असावी. जी ठेव व्याजाचे आमिष दाखविते ती ठेव नसून आपण दिलेले कर्ज आहे, असे समजावे आणि अटी वाचल्याखेरीज मान्य करू नयेत. दीर्घकाळ ठेवावयाचे धन मोठे असेल तर किल्ली आपल्या हाती असावी, मात्र एकट्याच्या हाती नसावी. शब्द कागदावर किंवा धातूच्या पट्टीवर लिहून दोन निरनिराळ्या सुरक्षित जागी ठेवावेत; त्यांचे छायाचित्र मोबाइलमध्ये घेऊ नये आणि ते कोणी मागितल्यास, मागणारा कितीही मोठ्या संस्थेचे नाव सांगो, देऊ नयेत. आणि किमान एका विश्वासू आप्ताला असे धन आहे व ते कोठून मिळेल, हे लेखी कळवून ठेवावे. ज्याला इतके करणे जमणार नाही, त्याने जेवढे बुडाले तरी संसार हलणार नाही, तेवढेच हे धन बाळगावे.

पूर्वी घरातील ज्येष्ठ तिजोरीची किल्ली योग्य वेळी पुढच्या पिढीच्या हाती देत. आज अनेक घरांत ती किल्ली धाकट्यांजवळ आहे आणि ज्येष्ठांना तिची माहिती नाही. या विषयावर घरोघरी एकदा मोकळेपणाने बोलणे व्हावे आणि त्याची नोंद घरच्या वहीत राहावी, एवढी अपेक्षा येथे व्यक्त करणे अनुचित ठरू नये.