सापांच्या जुन्या चित्रांमध्ये डीएनए दडलाय? जॉर्डन पीटरसन यांचा दावा नेमका काय?

एकमेकांना विळखा घातलेले दोन साप, शेजारी डीएनएचं चित्र आणि वर ‘पूर्वजांना सगळं माहीत होतं’ अशी ओळ. असं एखादं रील तुमच्याही फीडमध्ये येऊन गेलं असेल. ही कल्पना गांभीर्याने मांडणाऱ्यांमध्ये एक बडं नाव आहे: कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ जॉर्डन पीटरसन.

टोरांटो विद्यापीठात पूर्वी शिकवणारे पीटरसन २०१८ च्या ‘ट्वेल्व्ह रूल्स फॉर लाइफ’ या पुस्तकामुळे जगभर पोहोचले. मिथकं आणि प्रतीकं हा त्यांचा जुना विषय. एका व्याख्यानात त्यांनी फूशी आणि न्यूवा या चिनी पुराणकथांमधल्या जोडीचं चित्र दाखवलं. वरचं अंग माणसाचं, खाली एकमेकांत गुंतलेल्या सापाच्या शेपट्या. हे डीएनएचंच रूप असावं, असं आपल्याला खरोखर वाटतं, असं ते म्हणाले. २०२४ मध्ये जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स यांच्याशी झालेल्या चर्चेत हा विषय पुन्हा निघाला. डॉकिन्स यांना तो पटला नाही.

कल्पना पीटरसन यांच्या आधीचीही आहे. मानववंशशास्त्रज्ञ जेरेमी नार्बी यांनी १९९० च्या दशकात ‘द कॉस्मिक सर्पंट’ या पुस्तकात अ‍ॅमेझॉनमधल्या वैदूंना दिसणारे साप आणि डीएनए यांची सांगड घातली होती.

आता अडचण कुठे आहे ते बघू. डीएनएच्या दुहेरी पिळाची रुंदी साधारण २ नॅनोमीटर. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबीच ४०० ते ७०० नॅनोमीटर असते. म्हणजे साध्या सूक्ष्मदर्शकातूनही हा पीळ दिसत नाही, नुसत्या डोळ्यांचं तर सोडाच. रोझालिंड फ्रँकलिन यांच्या प्रयोगशाळेत १९५२ मध्ये क्ष-किरणांनी जे छायाचित्र मिळालं त्यातही पीळ थेट दिसत नाही. दिसतात ते फुलीच्या आकारातले डाग. त्यावरून गणित मांडावं लागतं. वॉटसन आणि क्रिक यांनी रचना जाहीर केली ती १९५३ मध्ये.

शिवाय चित्रं नीट पाहिली तर साम्यही फार टिकत नाही. डीएनएचे दोन धागे उलटसुलट दिशांनी धावतात. विळख्यातल्या सापांची तोंडं मात्र बहुतेक चित्रांत एकाच बाजूला असतात. धाग्यांना जोडणाऱ्या, शिडीच्या पायऱ्यांसारख्या जोड्या तर या सापांमध्ये नसतातच, आणि आनुवंशिकतेची सगळी माहिती त्या पायऱ्यांच्या क्रमात असते. (मराठीत आपण डीएनएला ‘दुहेरी सर्पिल’ म्हणतो. सापावरून डीएनएचं वर्णन झालंय, डीएनएवरून सापाचं नाही.)

यात चित्राचा मूळ अर्थ मात्र मागे पडतो, आणि मला तेच जास्त खटकतं. चीनमधल्या तुर्फानजवळच्या कबरींमध्ये सातव्या-आठव्या शतकांतली फूशी-न्यूवाची रेशमी चित्रं सापडली. न्यूवाच्या हातात कंपास, फूशीच्या हातात गुण्या. भोवती सूर्य, चंद्र, तारे. जगाला आकार देणाऱ्या, माणसांच्या आद्य जोडप्याची ही गोष्ट आहे. ती रेणूवर ढकलली की कंपास आणि गुण्याकडे कोण बघणार?

मग इतक्या ठिकाणी साप जोडीनेच का? मेसोपोटेमियातल्या राजा गुडियाच्या चार हजार वर्षं जुन्या पात्रावर, ग्रीकांच्या हर्मिसच्या दंडावर, कर्नाटक-तमिळनाडूतल्या नागशिळांवर विळखा आहेच. साधं उत्तर असं, की साप खरोखर असे गुंततात. आपल्याकडे शेताच्या बांधावर दोन धामणी उभ्या राहून पीळ घालताना दिसल्या की लोक मिलन समजून मोबाइल काढतात. बहुतेकदा ते दोघेही नर असतात आणि त्यांची झुंज चाललेली असते.