बोर्डाचें बारसें

मूल जन्मास आलें म्हणजे बाराव्या दिवशीं त्याचें नांव ठेवावयाचें, हा आपल्याकडील प्रघात सर्वांच्या परिचयाचा आहे. नांवानें मुलाचा स्वभाव बदलत नाहीं हें खरें. परंतु पुढें शाळेच्या पटावर, जमिनीच्या उताऱ्यावर आणि मृत्युपत्रावर तेंच नांव चालावयाचें असतें, म्हणून तें ठेवतांना घरांतील वडील मंडळी विचार करतात. संगणकांच्या जगांतहि असाच एक नामकरणाचा विधि गेल्या तीस वर्षांत रूढ झाला आहे. त्याचा इतिहास लहानसा असला तरी मोठा उद्बोधक आहे.

संगणक सुरू झाला म्हणजे प्रथम त्याच्या मेमरींत एक मूळ प्रोग्राम येऊन बसतो. त्यास कर्नेल, म्हणजे गाभा, असें म्हणतात. मोठ्या वाड्यांतील कारभाऱ्याप्रमाणें कोणती वस्तु कोठें आहे आणि ती कोणास केव्हां द्यावयाची, याची सर्व व्यवस्था त्याच्याकडे असते. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोर्वाल्ड्स यानें १९९१ सालीं लिनक्स नांवाचें असें कर्नेल लिहिलें, तें घरगुती वापराच्या पर्सनल कॉम्प्युटरसाठीं. या जातीचीं यंत्रें १९८१ सालच्या आय.बी.एम. कंपनीच्या नमुन्यावर घडविलेलीं असत. त्यामुळें कोणता भाग कोठें सांपडेल हें आधींच ठाऊक असे. पुढें १९९२ सालीं पी.सी.आय. नांवाची जोडणी आली, तेव्हां तर यंत्रांत खोंचलेलें प्रत्येक कार्ड विचारल्याबरोबर आपल्या कारखान्याचा व आपला क्रमांक स्वतःच सांगूं लागलें. अशा घरांत कारभाऱ्यास नांवें पाठ करण्याचें कारणच पडत नव्हतें.

हें सुख ए.आर.एम. जातीच्या प्रोसेसरांच्या वांट्यास आलें नाहीं. या प्रोसेसरचा पहिला नमुना १९८५ सालीं इंग्लंडांतील केंब्रिज येथील एकॉर्न कंपनीनें तयार केला, व १९९० सालीं त्यासाठीं निराळी कंपनी स्थापन झाली. ही कंपनी स्वतः चिप घडवीत नसे. ती आराखडा विके. तो विकत घेऊन कोणी त्यांत घड्याळ घाली, कोणी पडदा चालविण्याची सोय करी. आणि ती चिप दुसराच कोणी आपल्या मर्जीप्रमाणें बोर्डावर बसवी. एका बोर्डावर जेथें दिवा, तेथेंच दुसऱ्यावर विजेचा खटका. डोळ्यांवर पट्टी बांधून परक्या घरांत सोडलेल्या मनुष्याप्रमाणें कर्नेलची स्थिति होई. घर कोणतें हें कोणी तरी त्याच्या कानांत सांगणें अवश्य होतें.

एकॉर्नच्या यंत्रांवर लिनक्स चालविण्याचें काम १९९४ च्या सुमारास रसेल किंग या इंग्रज गृहस्थांनीं हातीं घेतलें, आणि पुढें त्यांनींच बोर्डांची एक नोंदवही सुरू केली. प्रत्येक नव्या बोर्डानें तींत आपलें नांव नोंदवावें व एक क्रमांक घ्यावा, असा नियम झाला. शून्य क्रमांक मिळाला तो डिजिटल कंपनीच्या ई.बी.एस.ए. ११० या बोर्डास. एकॉर्नच्या रिस्क पी.सी.चा क्रमांक एक. यंत्र सुरू होतांच बूटलोडर नांवाचा लहान प्रोग्राम हा क्रमांक प्रोसेसरच्या आर-१ या रजिस्टरमध्यें ठेवी आणि मग कर्नेलच्या हातीं कारभार देई. कर्नेल आपल्या यादींत तो क्रमांक शोधी. सांपडला तर काम पुढें चाले, न सांपडला तर ‘हें यंत्र ओळखीचें नाहीं’ अशा अर्थाचा संदेश देऊन तें तेथेंच थांबे. वहींतील नांव केवळ शोभेचें नव्हतें. कर्नेल घडवितांना निवडावयाच्या पर्यायास, क्रमांकाच्या खुणेस आणि ‘हें अमुक यंत्र आहे काय’ असें विचारणाऱ्या प्रश्नास, अशा तीन ठिकाणीं तेंच नांव गुंफलेलें असे. एकदां तें चुकलें म्हणजे तिन्ही ठिकाणीं चुकलें.

आतां हीं नांवें कशीं होतीं तें पाहण्यासारखें आहे. पंचविसावा क्रमांक असलेल्या इंटेलच्या बोर्डाचें नांव असाबेट. ही अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांताची एक नदी असून, ज्या डिजिटल कंपनीकडून या चिपांचा वंश इंटेलकडे आला, तिचें मुख्य ठाणें याच नदीच्या कांठीं मेनार्ड गांवीं होतें. असाबेटला जोडावयाच्या दुसऱ्या बोर्डाचें नांव नेपॉन्सेट. तीहि त्याच प्रांतांतील नदी. जपानच्या शार्प कंपनीनें झौरस नांवाचे खिशांत मावणारे संगणक काढले, त्यांचीं कर्नेलमधील नांवें म्हणजे कुत्र्यांच्या जातींची मालिकाच आहे: कोली, पूडल, कॉर्गी, अकिता, स्पिट्झ, तोसा. अँड्रॉइडच्या पहिल्या फोनचें नांव ट्राउट, म्हणजे एक मासा.

हा पोरखेळ वाटेल, परंतु त्यास सबळ कारण होतें. कर्नेल लिहिणाऱ्याच्या हातीं बोर्ड येतो तो विक्रीच्या कितीतरी आधीं. बाजारांत वस्तु कोणत्या नांवानें जाईल हें त्या वेळीं ठरलेलें नसतें, आणि ठरलें असल्यास गुप्त ठेवावयाचें असतें. म्हणून कारखान्यांतील पाळण्यांतलें नांवच वहींत चढे. नोकिया कंपनीचा २००९ सालचा एन-९०० हा फोन कर्नेलमध्यें आर.एक्स. ५१ म्हणून ओळखला जातो, तो यामुळेंच. शिवाय पाळण्यांतलें नांव पुष्कळदां अधिक टिकाऊ ठरे. तो २००८ सालचा अँड्रॉइड फोन कोठें एच.टी.सी. ड्रीम म्हणून विकला गेला, तर कोठें टी-मोबाइल जी-१ म्हणून. दुकानांत दोन नांवें झालीं तरी कर्नेलच्या लेखीं ट्राउट तो ट्राउटच.

परंतु वहीचा संसार वाढत गेला. बीगल नांवाच्या बोर्डाचा क्रमांक १५४६ होता, आणि रास्पबेरी पायच्या चिपेचा ३१३८ झाला. क्रमांक घेऊन पुढें कधींच कर्नेलमध्यें न आलेल्या बोर्डांची गर्दी इतकी झाली कीं, मुख्य कर्नेलमध्यें आलेले अथवा गेल्या बारा महिन्यांत ज्यांच्या नोंदींत कांहीं बदल झाला असे बोर्डच यादींत ठेवावे, असें ठरवावें लागलें. त्याहून मोठी अडचण अशी कीं, नुसत्या क्रमांकावरून बोर्डाविषयीं कांहींच कळत नाहीं. म्हणून प्रत्येक बोर्डामागें त्याचें सर्व वर्णन करणारी एक निराळी फाइल लिहावी लागे. शेजारच्या दोन बोर्डांत एका दिव्याचा फरक असला तरी फाइली दोन. मार्च २०११ मध्यें टोर्वाल्ड्स यांनीं या पसाऱ्याविषयीं अत्यंत कडक शब्दांत नापसंती व्यक्त केली, आणि ही रीत बदलणें भाग पडलें.

त्यावर उपाय जुन्याच एका कल्पनेंतून निघाला. सन कंपनीच्या संगणकांत, आणि पुढें १९९४ च्या एका सर्वमान्य नियमपत्रांत, यंत्राचें वर्णन वृक्षाच्या आकारानें लिहिण्याची पद्धति ठरलेली होती. खोड म्हणजे बोर्ड, फांद्या म्हणजे जोडण्या, पानें म्हणजे उपकरणें. यास डिव्हाइस ट्री म्हणतात. पॉवर-पी.सी. यंत्रांवर लिनक्सनें ती पूर्वींच स्वीकारली होती, ए.आर.एम.च्या बाजूस ती २०११ पासून रुजली. डिसेंबर २०१२ मध्यें आलेल्या लिनक्सच्या ३.७ आवृत्तींत निरनिराळ्या घराण्यांच्या बोर्डांवर एकच कर्नेल चालेल अशी सोय झाली. वर्णन वृक्षांत गेलें आणि क्रमांकाची जागा पुन्हां नांवानें घेतली.

या नव्या नांवास दोन भाग असतात: आधीं कारखान्याचें संक्षिप्त नांव, मग स्वल्पविराम, मग वस्तूचें नांव; आडनांव पुढें आणि नांव मागें. एकाच बोर्डास अशा नांवांची उतरंड देतात. विशेष नांव पहिलें, सामान्य नांव शेवटीं. रास्पबेरी पायच्या वृक्षांत प्रथम त्या बोर्डाचें नांव येतें, नंतर ब्रॉडकॉम कंपनीच्या बी.सी.एम. २८३५ या चिपेचें. कर्नेलला बोर्ड ओळखीचा नसला तरी चिपेवरून त्याचें काम अडत नाहीं. येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. रास्पबेरी पायच्या संस्थेनें स्वतःच्या कर्नेलमध्यें २७०८ हें चिपांच्या कुळाचें नांव घातलें होतें. मुख्य लिनक्समध्यें मात्र २८३५ हें नेमक्या चिपेचें नांव घेतलें गेलें. कुळांत उद्यां कोण जन्मेल हें आज सांगतां येत नाहीं, म्हणून नांव व्यक्तीचें ठेवावें, असा त्यांतील आशय आहे. याच कारणास्तव, न ठरलेल्या आंकड्याच्या जागीं ‘एक्स’ हें अक्षर घालूं नये असा नियम आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या ए.एम. ३३५-एक्स या नांवांत तें शिरलेलें आहे, आणि एकदां शिरलें तें राहिलेंच.

तें कां राहतें, हाच या सर्व इतिहासाचा मर्मभाग होय. डिव्हाइस ट्री कित्येकदां यंत्रांतच कायमची कोरलेली असते. नवें कर्नेल आलें तरी जुन्या यंत्रानें जुनेंच नांव सांगावयाचें. सुधारणेच्या भरांत कोणी तें नांव पुसलें, तर कोठल्या तरी घरांतील, कारखान्यांतील अथवा प्रयोगशाळेंतील चालतें यंत्र अकस्मात् अनाथ होईल. म्हणून नवें नांव जोडतात, जुनें काढीत नाहींत. मोटोरोलापासून २००४ सालीं विभक्त झालेली फ्रीस्केल कंपनी २०१५ सालीं एन.एक्स.पी. कंपनींत विलीन झाली. तरीहि त्यानंतर निघालेल्या आय.एम.एक्स. ८ आणि ९३ या चिपांच्या नांवांमागें ‘एफ.एस.एल.’ हें फ्रीस्केलचेंच आडनांव लागतें. घराण्याचा वाडा विकला गेला, पण आडनांव चालू आहे.

२०२३ सालीं, कोणी वापरीत नाहीं असें दिसून आलेल्या पुष्कळ जुन्या बोर्डांच्या फाइली कर्नेलमधून काढून टाकण्यांत आल्या. त्यांपूर्वीं तसें जाहीर करून, अद्यापि कोणी वापरीत आहे काय, अशी विचारणा झाली होती. ज्या वहींत कोणाचें नांव ठेवतांना विचार होतो, तिच्यांतून तें कमी करतांनाहि विचार व्हावा हें योग्यच आहे. आपल्याकडे ‘नांव सोनुबाई आणि हातीं कथलाचा वाळा’ अशी म्हण आहे. बाजारांत अशा सोनुबाई पुष्कळ येतात आणि जातात. कर्नेलच्या वहींत मात्र वाळा कथलाचा असेल तर कथलाचाच लिहावा लागतो. कारण तें नांव वाचणारा मनुष्य नसून यंत्र आहे, आणि त्यास जें सांगावें तेंच तें खरें मानून चालतें.